चुगलीबाईच्या तोंडातला बोळा

"सावधान! या वाहनाच्या ब्रेकमध्ये निर्मितीदोष आढळलेला आहे. दुरुस्ती अद्याप झालेली नाही. प्रवास करायचा की नाही, याचा निर्णय—"

"उठली बया," गाडीत एक पाय टाकतानाच मालनमावशी म्हणाली. "धना, घाल की तिच्या तोंडात बोळा. सकाळी सकाळी अभद्र बोलतीया."

धनश्री चौगलेनं सीटखालून जुन्या परकराची चिंधी काढली, तिचा बोळा केला आणि डॅशबोर्डावरच्या ज्या जाळीतून आवाज येत होता तिच्यात अंगठ्यानं दाबून बसवला. आवाज गुदमरला. आत काहीतरी गुरगुरत राहिलं, उशीखाली दाबलेल्या मांजरासारखं. मागचे प्रवासी हसले. नदीतळे ते गारमाथा या घाटात माणशी भाडं घेऊन गाडी भरून न्यायची, हा धनश्रीचा वडापचा धंदा. घाटात तिला सगळे ओळखत होते, आणि तिच्या गाडीतल्या 'चुगलीबाई'ला तिच्याहून जास्त ओळखत होते.

चुगलीबाईला जन्माला घातलं ते कायद्यानं. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या वऱ्हाडाची एक बस दरीत गेली. तिच्या ब्रेकमध्ये खोट आहे हे बनवणाऱ्या कंपनीला माहीत होतं. सरकारला माहीत होतं. बसच्या मालकाला वारंवार कळवलेलं होतं. ज्यांचा जीव जाणार होता ती माणसं सोडून साऱ्या जगाला माहीत होतं. मग बोंबाबोंब झाली आणि कायदा आला. कंपनीनं दुरुस्तीसाठी परत बोलावलेली गाडी दुरुस्त होईपर्यंत स्वतःच बोलणार. दार उघडलं की प्रवाशाला सांगणार. शिवाय रोज पहिल्यांदा सुरू झाली की मालकाच्या फोनवर निरोप धाडणार.

कायदा चांगलाच होता. पण आपल्याकडे कायद्याचं बारसं व्हायच्या आधी त्याची पळवाट चालायला लागलेली असते. या कायद्याची पळवाट फारच स्वस्त निघाली. चिंधी! रिक्षात चिंधी, टेम्पोत चिंधी. एका आमदाराच्या गाडीत म्हणे मखमलीची. खरं बोलणारी एक वस्तू देशात तयार झाली, तर आम्ही पहिल्या आठवड्यात तिच्या तोंडात बोळा कोंबला.

आणि दुरुस्ती तर फुकट होती. मग लोक करून का घेत नव्हते? कायदा लिहिताना शेजारी कंपन्यांचे वकील बसले होते, म्हणून. त्यांनी हळूच एक ओळ घुसडली होती, की दुरुस्तीला कागदोपत्री मालकाचा अंगठा लागेल. दिसायला किती सभ्य ओळ! पण आपल्याकडे गाडी असते एकाच्या नावावर, विकलेली असते दुसऱ्याला आणि चालवत असतो तिसराच, हे त्या वकिलांना पुरतं ठाऊक होतं. अंगठा मिळायचा नाही, गाडी दुरुस्तीला यायची नाही, कंपनीचा खर्च वाचायचा. वर पुन्हा जाहिरातीत म्हणायला मोकळे, 'आम्ही तर बोलावलं होतं.'

धनश्रीची गाडी त्रिवेग कंपनीची सारस. विजेवर चालणारी, नऊ माणसं बसणारी. ती होती तिच्या दिराच्या, इंद्रजितच्या नावावर. प्रवासी गाडीचा परवाना एका नावावर एकच मिळे, आणि धनश्रीचा नवरा विश्वजित याच्या नावावर आधीच एक जुनी गाडी होती. म्हणून ही भावाच्या नावानं घेतली. भावाभावात काय, असं तेव्हा सगळेच म्हणाले.

मग विश्वजित तापाचं निमित्त होऊन गेला. तेराव्याच्या दिवशी धनश्री म्हणाली, "गाडी मी चालवीन." घरात वीज पडावी तसं झालं. इंद्रजित म्हणाला, "वहिनी, चौगल्यांच्या सुना वडाप मारत न्हाईत. लोक काय म्हणतील?"

"लोक जेवाय घालणार हायत का माझ्या ईराला?" तिनं विचारलं. पहाटे तिनं खुंटीवरची किल्ली उचलली, लेकीला पुढच्या सीटवर बसवलं आणि उचगाव सोडलं. तेव्हापासून घाटाखाली नदीतळ्यात भाड्याची खोली, आणि पोटाला ही गाडी. दिराचा फोन नाही, हिचाही नाही.

पण गाडी त्याच्या नावावर होती. त्यानं मनात आणलं असतं, तर उचगावात बसल्या बसल्या फोनवर अंगठा टेकून भर घाटात गाडीला कुलूप घातलं असतं. त्यानं घातलं नव्हतं. विसरला असेल, असं धनश्रीनं मनाला समजावलं होतं. आता ब्रेकसाठी अंगठा मागायला जायचं म्हणजे झोपलेल्या सापाच्या शेपटीवर पाय द्यायचा. तो म्हणाला असता, "बरी आठवण केलीत, ठेवा गाडी इथंच." मग ईराचं कॉलेज, खोलीचं भाडं, चूल, सगळं एका अंगठ्याखाली चिरडलं असतं. त्यापेक्षा चिंधी बरी. आणि ब्रेक तर झकास लागत होते. तीन वर्षांत एकदाही दगा नाही.

का नव्हता दगा, हे कळायला थोडं गाडीच्या पोटात शिरावं लागेल.

विजेच्या गाडीला दोन तऱ्हेचे ब्रेक असतात. एक जुनाच. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायची आणि घासून थांबवायची. दुसरा मोटरचा. वेग देणाऱ्या पट्टीवरचा पाय उचलला, की जी मोटर वीज खाऊन चाक फिरवत होती तिलाच चाक फिरवू लागतं. मोटर वीज बनवते, ती बॅटरीत परत जाते, आणि या कामाचा जोर चाकाला मागं ओढतो. घाट उतरताना तर चंगळच. गाडी थांबतेही आणि बॅटरी भरतेही. म्हणून गाडीतलं यंत्र आधी मोटरलाच कामाला लावतं, आणि चिमटे बिचारे बसून राहतात. धनश्रीच्या गाडीचे चिमटे तीन वर्षं बसून होते. घाटाखालची दमट, खारी हवा. ज्या पिनांवर चिमटा सरकतो त्या कंपनीनं साध्या लोखंडाच्या टाकलेल्या. बसून बसून त्या गंजल्या, जाम झाल्या. खोट ती हीच. कंपनीला ती समजली होती, चुगलीबाई तीच सांगत होती.

मोटरच्या ब्रेकची अट एकच, की बनलेल्या विजेला जायला जागा पाहिजे. काठोकाठ भरलेल्या घागरीत अजून पाणी ओतता येत नाही. बॅटरी गच्च भरलेली असेल तर मोटर हात वर करते. धनश्रीला याची कधी झळ लागली नव्हती. ती नदीतळ्यात, घरी चार्ज करून निघायची. घाट चढून वर येईस्तोवर बॅटरी अर्धी व्हायची, उतरताना जागाच जागा. वर गारमाथ्यावर चार्जिंगचे खांब होते, पण महाग. तिथं कोण पैसे घालवतंय?

त्या दिवशी नेमकं ते फुकट होतं.

गारमाथ्याच्या नाक्यावर कमान उभी होती. साहेबांचा वाढदिवस. फ्लेक्सवर साहेब हात जोडून हसत होते, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'दिवसभर मोफत चार्जिंग व लाडूवाटप'. गाड्यांची ही रांग! मे महिन्याचं ऊन, पण एक गडी हलायला तयार नव्हता.

"धनाताई, लावा की तुमची पण," पांढऱ्या कपड्यातला एक कार्यकर्ता ओरडला. "साहेबांकडून हाय!"

"अर्धी हाय की अजून. घरला जायला पुरंल."

"अर्धी कशाला? फुकटचं काय सोडता? गच्च भरा!"

फुकटचं सोडायचं नाही, हा आमचा असा धर्म आहे की ज्याला अजून एकही नास्तिक भेटलेला नाही. घाटाच्या डोक्यावर, उतरायच्या तोंडाशी, एका रांगेत पन्नास गाड्यांच्या बॅटऱ्या काठोकाठ भरत होत्या. देणाऱ्याला अक्कल नव्हती आणि घेणाऱ्याला विचार करायची सवड. धनश्रीनंही तार लावली. लाडू खाल्ला. बॅटरी भरेस्तोवर परतीचे प्रवासी जमले.

सकाळी बाजाराला आलेली मालनमावशी पुन्हा तिच्याच गाडीत, नेहमीप्रमाणे पुढं. मांडीवर नवीकोरी विजेची शेगडी आणि स्टीलचं मोठं पातेलं. धाकटी लेक वेगळी राहायला लागली होती, तिच्या संसाराला. मधल्या सीटवर खोत सर, निवृत्त शिक्षक, मांडीवर लॅपटॉपची पिशवी, प्रत्येक वळणाला "हळू" म्हणणारे. त्यांच्या मागं कुणी बाजारकरी, कुणी पाहुणे. डॅशबोर्डाच्या पडद्यावर इशाऱ्याची पिवळी खूण पेटलेली होती. ती तीन वर्षं पेटलेलीच होती. बोळ्यामागं चुगलीबाई आज जरा जास्तच गुरगुरत होती. गाडी भरली, दार लागलं, घाट सुरू झाला.

पहिल्या उतारावर धनश्रीनं पाय उचलला. रोज पाय उचलला की कुणी मागून पदर धरावा तशी गाडी अडखळायची. आज कुणी पदर धरला नाही. गाडी तेलावरनं घसरावी तशी पुढं गेली.

तिनं ब्रेक दाबला. पायाला काहीच वेगळं लागलं नाही. या गाड्यांत पाय फक्त यंत्राला इशारा करतो, चाकाशी त्याचा संबंध नसतो. पाय म्हणाला, दाबला. चाक म्हणालं, मला काय माहीत? मागच्या एका चाकातून करकरीत किंचाळी उठली, जळका वास आला. चारातला एकच चिमटा हलला होता, आणि तोही तापून ढिला पडत होता.

"धनश्रीताई, हळू," खोत सर म्हणाले.

पहिलं वळण धनश्रीनं कसंबसं घेतलं. प्रवासी एकमेकांवर आदळले. कठड्याचे पांढरे दगड खिडकीतून सटासट मागं गेले.

"धना, आज लई जोरात चाललीयास," मालनमावशीचा आवाज बदलला होता. "काय झालंय?"

"ब्रेक लागंना."

गाडीत एकदम गलका. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी "उडी मारू का?" म्हणालं, कुणी त्याला शिवी हासडली. पार्किंगचा खटका होता, पण तो थांबल्या गाडीचा. पळत्या गाडीत तो धरत नाही, मोडतो. धनश्रीच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. डाव्या हाताला दरी. आणि त्या गलक्यात तिला जाळीमागची ती गुरगुर ऐकू आली. थांबत नव्हती. काहीतरी सांगत होती.

"मावशी, बोळा काढा!"

"आँ?"

"तिच्या तोंडातला बोळा काढा म्हणते ना!"

मावशीनं नखं घालून चिंधी उपसली. चुगलीबाई श्वास घेतल्यासारखी बोलू लागली:

"—सदर वाहनाच्या घर्षणरोधक प्रणालीमधील संभाव्य त्रुटीबाबत उत्पादक कंपनीने सर्वतोपरी दक्षता घेतलेली असून, खालील सूचनांचा अर्थ उत्पादकाने कोणतेही दायित्व मान्य केले आहे असा—"

"अगं तुझ्या वकिलाच्या!" मावशी किंचाळली. "कामाचं बोल, भवाने!"

पण चुगलीबाईला आधी तेच म्हणावं लागत होतं. जिवावर बेतलेल्या माणसानं आधी कंपनीची कातडी वाचवणारा परिच्छेद ऐकायचा, मग स्वतःची कातडी कशी वाचवायची ते, असा क्रम कुणीतरी थंड खोलीत बसून ठरवला होता. त्याच्या खुर्चीखाली घाट नव्हता. दुसरं वळण आलं, चाकं करकरली, पातेलं खणखणत खाली पडलं. धनश्रीनं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, पत्रा खडकाला घासून ठिणग्या उडाल्या.

"—असा घेऊ नये. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. मोटर-ब्रेक उपलब्ध नाही. घर्षण-ब्रेक निकामी. वीज खर्च करा. जितकी वीज खर्च होईल तितका मोटर-ब्रेक लागेल. हीटर लावा. वातानुकूलन लावा. वीज खर्च करा."

धनश्रीला कळायला एक श्वास पुरला. घागर भरली आहे, तर ओतणारं पाणी तिथल्या तिथं पिऊन टाका.

तिनं हीटरची कळ शेवटापर्यंत फिरवली. दुसऱ्या हातानं एसी. मे महिन्याच्या दुपारी तोंडावर भट्टी उघडली.

"लावा, काय असंल ते लावा! आतले दिवे! फोन चार्जिंगला लावा! सर, तुमचा लॅपटॉप लावा!"

"लावला!" खोत सर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा "हळू" सोडून दुसरा शब्द.

पदर धरला गेला. थोडासा. गाडी अजून पळत होती, पण उधळत नव्हती.

"मोटर-ब्रेक अपुरा," चुगलीबाई म्हणाली. "आणखी वीज खर्च करा."

"आता काय माझं हाड जाळू?" मावशी म्हणाली, आणि मग तिची नजर मांडीवरच्या शेगडीवर गेली. "धना, तुझ्या गाडीत ते घरातल्यासारखं वायर खुपसायचं बटण हाय न्हवं?"

"सीटच्या मागं! लावा!"

मधल्या माणसांनी शेगडी हातोहात घेतली, कुणी वायर खुपसली, कुणी पायाखालचं पातेलं उचललं. ती शेगडी रिकामी तापत नाही, वर भांडं लागतं. खोत सरांनी आपली, शेजाऱ्याची, सापडेल तिची पाण्याची बाटली पातेल्यात उपडी केली. शेगडी 'टुं' करून पेटली. दोघांनी ती पातेल्यासकट दोन्हीकडून धरली, हात भाजत होते तरी.

"फुल्ल करा!"

"फुल्लच हाय!"

आणि गाडीनं मान तुकवली. ओळखीचा पदर मागून ओढला गेला. पातेल्याच्या बुडाशी बुडबुडे धरू लागले, तसतशी झाडं एकेक करून सुटी दिसू लागली. तिसरं वळण धनश्रीनं चालत गेल्यासारखं घेतलं. चौथं तसंच. घामानं सगळे निथळत होते, म्हातारे-कोतारे लालबुंद झाले होते, पण एकही माणूस हीटर बंद करा म्हणाला नाही.

घाटाच्या मध्यावर वाघदेवाचा टप्पा आहे. तिथं रस्ता सपाट होऊन जरासा चढतो. चढावर गाडी मंदावली, मंदावली, आणि वाघदेवाच्या शेंदरी दगडासमोर गप उभी राहिली. धनश्रीनं पार्किंगचा खटका ओढला. खट्ट.

पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं.

मग मालनमावशी म्हणाली, "उकळलंच हाय तर च्या टाकूया?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसण्याचा असा काही लोट आला की दोघीतिघी हसता हसता रडायला लागल्या. बाजारच्या पिशव्यांतून चहापूड निघाली, साखर निघाली. दूध नव्हतं. रस्त्याकडेला बसून त्या माणसांनी कोरा चहा प्यायला, बाटल्यांच्या टोपणातून, डब्याच्या झाकणातून. असा चहा त्यांच्यातल्या कुणी आधी प्यायला नव्हता. खोत सरांनी निम्मा सदऱ्यावर सांडला, तरी ते म्हणाले, "साखर अगदी बेताची."

धनश्री पायरीवर बसली होती. एकजण म्हणाला, "ताई, आता बॅटरी जरा उतरली असंल. मोटर धरंल की. जाऊया हळूहळू?"

"न्हाई." ती उठली. "एसटी येईल, तुम्ही तिच्यानं जावा. ही गाडी आता इथनं दुरुस्तीलाच जाणार."

"आन अंगठा?" मावशीनं हळू विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"आणते."

"गाडी काढून घेतली तर?"

"घेऊ देत. भांडी घाशीन. पण तुमास्नी पोटात घेऊन पुन्हा अशी धावणार न्हाई."

मावशीनं हातातली चिंधी तिच्यापुढं धरली. "बोळा घाल म्हणून रोज मीच बोंबलत हुते गं," ती म्हणाली. मग तिनंच ती गाडीत जाऊन सीटखाली ठेवली.

*

उचगावात घराचं दार जावेनं, पूनमनं, उघडलं.

"ताई? अगं बाई! आत या की. ईरा कशी हाय?"

आत इंद्रजित पेपर वाचत होता. उठून उभा राहिला. केस पांढरे झाले होते. धनश्रीनं बसायचंही टाळलं. वाटेत घोकलेलं सगळं तिनं एका दमात ओतलं. घाट, उतार, शेगडी, वाघदेव. आणि शेवटी, "भावजी, गाडी तुमची हाय. काढून घ्यायची तर घ्या. पण आधी अंगठा द्या, ब्रेक करूया. मग तिच्यात कुणी का बसंना, मरणार तरी न्हाई."

इंद्रजितचा चेहरा पांढराफटक पडला. तो मटकन खुर्चीत बसला.

"लागलं न्हाई ना कुणाला? वहिनी, तुम्हाला?"

"न्हाई."

"मी म्हनलंच हुतं!" पूनम एकदम नवऱ्याकडं वळली. "कंपनीची माणसं दोनदा आली हुती, ताई. अंगठा द्या, गाडी कुठं हाय सांगा, म्हनत हुती. ह्यांनी दारातनं हाकलून दिली."

"का?" धनश्रीनं विचारलं.

इंद्रजितनं पेपरची घडी घातली.

"सांगा की आता!" पूनम म्हणाली. "ते न्हाई सांगायचे, मीच सांगते. गाडी रोज सकाळी सुरू झाली की ह्यांच्या फोनवर निरोप येतो ना, दोष हाय, दुरुस्ती करा, तो. तो आला की म्हणायचे, 'वहिनी निघाल्या.' तो आल्याबिगर च्या घेत न्हाईत. एक दिवस आला न्हाई, तर ह्यांनी दिवसभर तोंडात घास घेतला न्हाई. गाडी दुरुस्त झाली की निरोप बंद हुनार. म्हणून अंगठा न्हाई."

धनश्रीला आठवलं. त्या दिवशी ईराला ताप होता, गाडी काढली नव्हती.

तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी डोकं फिरलं. दोन्ही एकदम झालं, आणि जिंकलं ते डोकं.

"भावजी, तुम्ही येडे का खुळे?" ती कडाडली. "फोन हुता ना हातात? 'वहिनी, बऱ्या हायसा का' एवढं इचारायला काय जीभ झडली असती? तुमच्या त्या टिंगटिंगपायी नऊ माणसं दरीत गेली असती! तुमच्या मायेनं मेलो असतो आम्ही!"

"मला वाटलं, कंपन्या उगंच भ्या घालत्यात..." तो पुटपुटला. "आन फोन करायला तोंड कुठं हुतं? चौगल्यांच्या सुना असं करत न्हाईत म्हणणारा मीच. वाटायचं, फोन केला तर तुम्हाला वाटंल, गाडी मागतोय."

धनश्रीला परकराची चिंधी आठवली. गाडी एकच गोष्ट सांगत होती. तिनं बोळा कोंबून ऐकली नाही. यानं रोज कान लावून ऐकली, आणि तरीही ऐकली नाही.

ती पहिल्यांदाच खाली बसली.

"च्या टाक पूनम," ती म्हणाली. "दुधाचा."

*

दुरुस्तीला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. कारखान्यातल्या मुलीनं चिमटा उघडून गंजलेली पिन धनश्रीच्या तळहातावर ठेवली. करंगळीएवढी. "ही न गंजणाऱ्या पोलादाची टाकायला पाहिजे होती," मुलगी म्हणाली. "टाकली नाही. स्वस्त पडते ना ही." नव्या पिना बसल्या. यंत्रालाही नवीन शिकवण मिळाली, की रोज निघताना चिमटे जरासे घासून बघायचे, बसवून ठेवायचे नाहीत. इंद्रजितनं अंगठा टेकवला. मग न विचारता दुसऱ्या कागदावरही टेकवला, गाडी धनश्रीच्या नावावर करायच्या. परवान्याची अडचण नव्हती, विश्वजितची जुनी गाडी कधीच भंगारात गेली होती.

बाहेर पडताना कंपनीच्या साहेबानं अभिप्रायाचा पडदा पुढं केला. "मॅडम, 'समाधानी' दाबा."

"तुमच्या किती सारस घाटात फिरतायत अजून, गंजक्या पिनांच्या?"

"ते सांगता येत नाही, मॅडम."

"मग हे बी दाबता येत न्हाई." ती पिन पदराला बांधून चालू लागली. गारमाथ्याच्या कमानीखाली त्या दिवशी रांगेत जेवढे होते, त्यांना एकेकाला ती दाखवायची होती.

दुसऱ्या सकाळी मालनमावशीनं गाडीत पाय टाकला आणि तशीच अवघडून थांबली. कान टवकारले.

"बोलंना गं आज?"

"बोलायचं काम सरलं तिचं."

"चुकल्याचुकल्यागत वाटतंय," मावशी बसत म्हणाली. सवयीनं तिनं सीटखाली हात घातला. चिंधी तिथंच होती. धनश्रीनं ती घेतली, समोरच्या काचेवरची धूळ पुसली आणि खिडकीत वाळत टाकली.

गाडी सुरू केली. थोडी पुढं घेतली, ब्रेक दाबला. चारी चाकं जमिनीला चिकटल्यासारखी थांबली. मागून खोत सर म्हणाले, "हळू!" आणि सगळे हसले.

निघायच्या आधी तिनं फोन काढला, इंद्रजितचा नंबर लावला आणि दोनदा वाजू देऊन बंद केला. त्यानं उचलला नाही. मिस्ड कॉल उचलायचा नसतो.

तिकडं उचगावात कुणीतरी चहाचा कप तोंडाला लावला असणार.